बाहेरून बी.ए.

मी बी.ए. झालो तो कॉलेजात न जाता. म्हणजे कॉलेजात गेलो, पण फक्त परीक्षेपुरता, एप्रिलच्या उन्हात. वर्षभर वर्गात बसणारी पोरं वेगळ्या खोल्यांत, पंख्याखाली बसायची आणि आम्ही व्हरांड्यात. याला तेव्हा नागपुरात ‘बाहेरून बसणं’ म्हणत. कोणी विचारलं की मी सांगायचो, "बाहेरून बी.ए. करून राहिलो." समोरचा म्हणायचा, "अच्छा, बाहेरून?" त्या ‘अच्छा’चा मला इतका राग यायचा, की पुढंपुढं मी सांगणंच सोडून दिलं. आज ऐंशीच्या घरात आहे. राग पुष्कळसा गेला, पण सगळा गेला असं म्हटलं तर ते खोटं होईल.

आणीबाणीच्या आधीची वर्षं होती. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. मूळचा सावनेरकडचा. मॅट्रिक होऊन नागपूरला आलो, कसंबसं प्री-युनिव्हर्सिटीचं वर्ष काढलं आणि नोकरी लागल्याबरोबर कॉलेज सोडलं. घरी वडील म्हणाले, सरकारी नोकरी लागली, आता आणखी काय पाहिजे? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

सहा-सात वर्षं बरी गेली. मग आमच्या कचेरीत दोन पोरं भरती झाली, दोघंही पदवीधर. त्यांना टिपणी कशी लिहायची ते मी शिकवलं. आवक-जावक मी शिकवली. कोणत्या साहेबाला कोणत्या वेळी फाइल न्यायची नाही, तेही मीच सांगितलं. एके दिवशी बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, मला बाजूला घेतलं.

"काय गा, वरून कागद आला आहे. पुढच्या जागेसाठी पदवी लागन म्हणते."

"माझी सेवा त्यांच्याहून जास्त आहे ना, बडेबाबू."

"सेवा तर माझ्या टेबलाचीबी जास्त आहे," ते म्हणाले. "तू आपला बाहेरून बसून टाक. तीन वर्षं म्हणजे काय, अशी जातात."

बडेबाबू वाईट माणूस नव्हते. पण तीन वर्षं अशी जात नाहीत. माझी पाच गेली.

मी फॉर्म आणला, कचेरीची परवानगी काढली. परवानगीच्या कागदावर साहेबांनी आपल्या हातानं वाक्य वाढवलं होतं, की या परीक्षेमुळे कामात खंड पडता कामा नये. बर्डीच्या बाजारातून जुनी पुस्तकं आणि गाइडं आणली. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र आणि सगळ्यांना सक्तीचं इंग्रजी. आम्ही तेव्हा हनुमाननगरात दोन खोल्यांत राहायचो. मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पहाटे उठून मी बाहेरच्या खोलीत मोठ्यानं वाचत बसायचो. मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नसे.

बायको नरखेड तालुक्यातली, संत्र्याच्या बागा असलेल्या गावची. लग्नाआधी काटोलला मामाकडे राहून तीही माझ्याइतकीच, प्रीपर्यंत शिकली होती. ही गोष्ट मी जवळजवळ विसरलो होतो. एका सकाळी मी कोणत्या तरी तहाची कलमं घोकत होतो. तीन आठवली, चौथं काही केल्या येईना. स्वयंपाकघरातून आवाज आला, "चौथं सैन्याचं आहे जी. फौज ठेवाची नाही म्हणून."

मी आत गेलो. ती कणीक मळत होती.

"तुले कसं माहीत?"

"आठ दिवसांपासून ऐकून राहिली ना मी. तुम्ही विसरता, मी थोडीच विसरणार?"

चार दिवसांनी जेवताना तिनं विचारलं, "मीपण भरू का फॉर्म?"

मी हसलो. ते हसणं चांगलं नव्हतं. पण मग वाटलं, पुस्तकं तीच, गाइडं तीच. शिवाय तिनं वाचून मला सांगितलं तर माझंच सोपं होईल. खरं सांगायचं तर माझ्या होकारामागं एवढाच विचार होता. मी म्हटलं, "भर ना. पण घरचं सांभाळून."

"घरचं तर सांभाळतेच आहे," ती म्हणाली.

त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीपासून हात-दीड हात वर, खडूनं लिहिलेल्या सनावळ्या असायच्या. भाजी परतता परतता ती त्या म्हणायची. पाठ झाल्या की ओल्या फडक्यानं पुसायची आणि नवीन लिहायची. मुलगी त्यांखाली आपल्या रेघोट्या ओढायची. मी पहाटे दोन तास टेबलाशी बसत असे आणि मला वाटे, अभ्यास मी करतो आहे.

परीक्षा सकाळी सातला सुरू व्हायची, उन्हामुळे. मुलीला शेजारच्या काकूंकडे ठेवून आम्ही सायकलवर निघायचो, ती मागं कॅरिअरवर, मांडीवर दोघांच्या दौती आणि पेनं. व्हरांड्यात आमच्यासारखेच सगळे. जिल्हा परिषदेचे मास्तर, रेल्वेतले लोक, नर्सबाया, एक डोक्यावर पदर घेतलेल्या पन्नाशीच्या बाई. नऊ वाजले की फरशी तापायची. घाम कोपरावरून कागदावर गळायचा आणि शाई पसरायची. इंग्रजीच्या पेपरात निबंध आला ‘प्रवासाचे फायदे’. माझे गाइडातले सहा निबंध तोंडपाठ होते, त्यांत प्रवास नव्हता. मी ‘वर्तमानपत्राचे फायदे’ लिहिले आणि जिथं वर्तमानपत्र होतं तिथं प्रवास घातला. परत येताना तिला विचारलं, "तू काय लिहिलं?"

"मी काटोलच्या एसटीचं लिहिलं. कोंबडी घेऊन एक बाई बसली होती माझ्या बाजूला, ते. मोडकंतोडकं."

मी मनात म्हटलं, ही गेली.

जूनमध्ये निकाल वर्तमानपत्रात आला. नुसते नंबर, बारीक अक्षरात, पानभर. मी कचेरीतच पाहिला, बडेबाबूंच्या टेबलावर पेपर पसरून. तिचा नंबर होता. माझा नव्हता. मी पुन्हा पाहिलं, मग वरून खाली, मग खालून वर. बडेबाबूंनी चष्मा लावून पाहिलं. शिकवलेल्या दोन पोरांपैकी एक मागून वाकला आणि म्हणाला, "वहिनी पास झाल्या! पेढे पाहिजेत, भाऊ!" तो मनापासून म्हणाला असेल. मला मात्र वाटलं, की त्याचं डोकं त्या टेबलावर आपटावं.

घरी जाऊन मी म्हटलं, "माझा नंबर नाही. छापण्यात चूक असन."

ती म्हणाली, "असन." आणि मग स्वतःच्या निकालाबद्दल काहीच बोलली नाही. तिनं विचारायला हवं होतं, स्वतःचा कसा लागला म्हणून. विचारलं नाही. मीच सांगितलं, "तू पास आहेस." तिनं मान हलवली आणि मुलीला आंघोळीला घेऊन गेली. न्हाणीतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला आणि तो मला सहन झाला नाही. मी चप्पल घालून बाहेर पडलो.

चूक नव्हती. गुणपत्रिका आली तेव्हा इंग्रजीत चार गुण कमी होते. मी फेरतपासणीचा अर्ज केला. त्यासाठी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जे हेलपाटे घातले, ते आजही आठवतात. खिडकी लहान, कमरेच्या उंचीची. आतल्या बाबूशी बोलायचं तर वाकावं लागे. मोठा माणूस असो की पोर, सगळे तिथं वाकलेले. बाबूच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, म्हणून तो फार बोलत नसे, बोटानंच सांगे. पुढच्या खिडकीवर. उद्या. लंचनंतर. मीही एका कचेरीत बसून लोकांना हेच सांगत होतो, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तर राग कमी झाला असता की वाढला असता, सांगता येत नाही. तीन महिन्यांनी छापील कार्ड आलं. गुणांत बदल नाही.

ऑक्टोबरात पुरवणी परीक्षा दिली, फक्त इंग्रजीची. बाकी विषय सुटले होते, पण इंग्रजी सुटेपर्यंत पुढचा भाग, म्हणजे दुसरं वर्ष, बंद. या वेळी मी गाइडातले चौदा निबंध पाठ केले. पुन्हा नापास. एका गुणानं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही.

पुरवणीचा निकाल लागला त्याच आठवड्यात एप्रिलच्या परीक्षेचे फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. मला पहिल्या भागाचं इंग्रजी पुन्हा भरायचं होतं, तिला दुसरा भाग. तिचा फॉर्म तिनं आठ दिवस आधीच सुवाच्य अक्षरात भरून ठेवला होता. फक्त फोटो स्टुडिओतून यायचा होता, आणि फोटोवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. माझ्या फोटोवर आमच्या साहेबांनी आधीच सही केली होती. मी सांगितलं, "कचेरीतून परस्पर भरून टाकतो दोघांचे." तिनं दोन्ही फॉर्म माझ्या पिशवीत घातले.

शेवटच्या दिवशी दुपारी मी बर्डीवर जाऊन तिचा फोटो घेतला. कचेरीत आलो तर आमचे साहेब भंडाऱ्याला दौऱ्यावर. पण आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसऱ्या खात्याचे एक अधिकारी बसत. भला माणूस. मी कितीतरी लोकांना त्यांच्याकडे सह्यांसाठी पाठवलं होतं. मी जिन्याशी गेलो. चार-पाच पायऱ्या चढलो. वरून त्यांचा आवाज ऐकू येत होता, ते चपराशाला चहा सांगत होते. आणि मी तिथं थांबलो.

त्या पायरीवर माझ्या डोक्यात काय होतं ते मी अनेकदा आठवून पाहिलं. फार मोठं काही नव्हतं. एवढंच की ही दुसऱ्या भागात जाईल आणि मी पहिल्यातच. कचेरीत ते पोरगं पुन्हा म्हणेल, वहिनी पास झाल्या. एक वर्ष थांबली तर दोघं बरोबर येऊ, त्यात काय बिघडलं? मी खाली उतरलो, सायकल काढली, आणि खिडकीवर फक्त माझा फॉर्म दिला.

घरी सांगितलं, "साहेब दौऱ्यावर होते. तारीख गेली."

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "दुसरा साहेब नव्हता का जी कोणी?"

"नव्हता."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "बरं," म्हणाली. तिचा फॉर्म मी फोटोसकट टेबलावर ठेवला. सकाळी तो तिथं नव्हता. मला वाटलं, पेटीत ठेवला असेल.

त्यानंतर तिनं मला इंग्रजी शिकवायला घेतलं. तिनंच विषय काढला. म्हणाली, "तुम्ही पाठ करणं सोडा. आज कचेरीत काय झालं ते लिहा पाच ओळी."

"कचेरीत काय होते? काहीच होत नाही."

"मग तेच लिहा."

पहिल्या दिवशी मी लिहिलं, की पंखा सोमवारपासून बंद आहे. ती वाचून म्हणाली, मग पुढं? मी लिहिलं, की पंखा दुरुस्त करणारा येतो म्हणून गेला आणि आला नाही. मग लिहिलं, की बडेबाबू ओला रुमाल डोक्यावर ठेवून फाइली पाहतात. शब्द अडला की ती सांगायची, नाहीतर दोघं मिळून शब्दकोशात पाहायचो. क्रियापदाचं रूप चुकलं की ती पेन्सिलीनं बारीक गोल करायची आणि वही माझ्याकडे सरकवायची, तोंडानं सांगायची नाही. मला चिडायला जागाच ठेवायची नाही. मी तरी चिडायचो. एकदा वही भिरकावली. ती उचलून तिनं सुरकुतलेलं पान हातानं सपाट केलं आणि म्हणाली, "हे वाक्य बरोबर होतं."

त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ती दुसऱ्या भागाची पुस्तकं उघडून बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "वाचून ठेवते. पुढं कामी येईन." ते ‘पुढं’ ऐकलं की मी वहीत मान घालायचो. मी ठरवायचो, आज सांगून टाकू, की वर साहेब होते. सकाळ निघून जायची.

मार्चमध्ये, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, मी तापानं घरी होतो. दुपारी पोस्टमन आला आणि दोन लिफाफे देऊन गेला, दोन्ही विद्यापीठाचे. मी खाटेवरूनच हात लांब करून घेतले. एक माझं प्रवेशपत्र. दुसरं उघडलं. तिचा फोटो. बर्डीवरून मीच आणलेला. फोटोवर आडवी सही आणि कुठल्याशा सरकारी दवाखान्याचा शिक्का. बी.ए., भाग दुसरा.

ती मागं कपडे वाळत घालत होती. मी हाक मारली. ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

"हॉल तिकीट."

"कोणाचं?"

"नाव लिहिलं आहे ना त्यावर."

"फॉर्म कधी भरला तू?"

तिनं पदराला हात पुसले आणि सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, मी कचेरीत गेल्यावर, मुलीला कडेवर घेऊन ती त्या खिडकीवर गेली होती. बाबूनं बोटानं सांगितलं, तारीख गेली. ती हलली नाही. मागं रांग खोळंबली, तेव्हा त्यानं खर्रा थुंकून सांगितलं, की बाई, लेट फी भरून आठ दिवस फॉर्म घेतो आम्ही. मग ती सरकारी दवाखान्यात गेली. पोरीला खोकला होताच. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासलं आणि फोटोवर सही केली.

"लेट फी घेतात हे मले माहीत नव्हतं," मी म्हटलं. ते मात्र खरं होतं.

"मलेबी नव्हतं. विचारलं म्हणून समजलं."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, राहू दे या वर्षी. मग मी राहू दिलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

मला इतका संताप आला की तापातही मी उठून बसलो. तीन-साडेतीन महिने ही माझ्यासमोर बसून अभ्यास करत होती आणि मी मूर्खासारखा अपराधी वाटून घेत होतो, असं काहीतरी माझ्या मनात होतं. तोंडून मात्र वेगळंच निघालं.

"वरच्या मजल्यावर साहेब होते त्या दिवशी."

तिनं पदराची ओली कड पिळली.

"मी पायऱ्या चढलो होतो. मग उतरलो."

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीच्या गजांकडे पाहत होती. "तुम्ही सही आणली नाही त्याचं मले एवढं नाही लागलं. मी रोज तुम्हाले शिकवून राहिली होती आणि तुम्ही रोज गप बसत होते, त्याचं लागलं."

मग म्हणाली, "झोपा आता. ताप आहे अंगात." आणि उरलेले कपडे वाळत घालायला गेली.

पुढचे आठ दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. पण पहाटे वही टेबलावर असायची आणि पेन्सिलीचे गोलही असायचे. त्या आठ दिवसांत मी तिची माफी मागितली का? नाही. मला तो शब्द जमला नाही. आमच्या पिढीतल्या पुरुषांना जमत नसे, असं म्हणून सुटता येईल. पण मला सुटायचं नाही. मला जमलं नाही, एवढंच.

एप्रिलमध्ये पुन्हा सायकलवर दोघं. मी इंग्रजीच्या एका पेपरासाठी, ती दुसऱ्या भागासाठी. पेपरात पत्र लिहायला आलं होतं, वीज मंडळाला तक्रारीचं. मी हसलोच. बंद पंखा, न येणारा माणूस, ओला रुमाल, सगळं लिहिलं. एकही वाक्य गाइडातलं नव्हतं. पर्यवेक्षक माझ्याजवळ दोनदा येऊन गेले, कारण मी हसत होतो. त्या निकालात दोघांचेही नंबर होते. कचेरीत पेढे वाटले आणि त्या पोराला दोन दिले.

यानंतर सरळ झालं असतं तर बरं झालं असतं. ती पुढच्या वर्षी बी.ए. झाली. त्याच जुलैत एका मुलींच्या शाळेत रजेच्या जागेवर लागली, मग रजेवर गेलेल्या बाई परतल्याच नाहीत, म्हणून टिकली. त्या वर्षी मी दुसरा भाग सोडवला आणि पुढच्या वर्षी तिसऱ्याला बसलो. पेपर चांगले गेले. वर्तमानपत्रात नंबर मात्र नव्हता, आणि नापासांचे नंबर तर छापतच नाहीत. खिडकीवर गेलो. तोच बाबू, आता थोडा पिकलेला. रजिस्टरवरून बोट फिरवून म्हणाला, "राखीव."

"राखीव म्हणजे?"

"आपका रिझल्ट रोका है. कचेरीचं परवानगीपत्र नाही जोडलं."

जोडलं होतं. मी स्वतः जोडलं होतं, टाचणी मारून. जन्मभर दुसऱ्यांचे कागद जोडत आलेला माणूस मी, स्वतःचा विसरेन? पण ते सिद्ध कसं करणार? कचेरीतून दुसरी प्रत आणून दिली. महिन्यानं गेलो तर प्रत मिळाली नाही म्हणाले. तिसरी दिली आणि पोच मागितली. पोच देणारा रजेवर. बायको म्हणाली, "मी येऊ का?" मी म्हटलं, नको. तिथं मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली होती ती, आणि काम करून आली होती. मला माझं काम तरी करता यायला हवं होतं.

दिवाळीनंतर कचेरीत बढतीची समिती बसली. बडेबाबूंनी मला बोलावलं. निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते.

"कागद आण गा. पास झालेला एक कागद दाखव. बाकी मी बघतो."

"निकाल राखीव आहे, बडेबाबू. पास असणार मी."

"असणार म्हणून टिपणी लिहिता येते का? तूच सांग."

लिहिता येत नाही. मला कोणीही विचारलं असतं तरी मी हेच उत्तर दिलं असतं. जागा दोन होत्या. मी ज्यांना आवक-जावक शिकवली, त्या दोघांना गेल्या. पेढे पाहिजेत म्हणणारा पोरगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मीच म्हटलं, अभिनंदन. फाइल पुढं ओढली.

जानेवारीत खिडकीवर बाबूनं मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. माझं परवानगीपत्र सापडलं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी फॉर्मच्या टाचणीत अडकलेलं. "हो जाता है," तो म्हणाला. मला वाटलं होतं, त्या दिवशी मी त्या खिडकीत हात घालून त्याची कॉलर धरीन. प्रत्यक्षात मी वाकलो, सही केली, गुणपत्रिका घेतली आणि "धन्यवाद" म्हटलं. सायकलस्टँडवर आलो आणि किल्ली काढली. बराच वेळ तिथंच उभा राहिलो. सायकलचं कुलूप काही उघडता येईना.

पास होतो. दुसऱ्या श्रेणीत. तिच्यापेक्षा तीन गुण जास्त. हे मी तिला सांगितलं नाही, तिनंच गुणपत्रिका समोर ठेवून बेरीज केली आणि म्हणाली, "तीनानं पुढं गेले जी तुम्ही." मला हसू आलं नाही. ती मात्र हसली आणि मग रडली. इतक्या वर्षांत तिला परीक्षेसाठी रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या परीक्षेसाठी होतं. तेव्हा मी म्हटलं, "त्या पायऱ्यांचं..." ती म्हणाली, "असू द्या." मी वाक्य पुरं केलं नाही. आजही ते अर्धंच आहे.

बढती मला नंतर मिळाली, पुष्कळ वर्षांनी, निव्वळ सेवाज्येष्ठतेनं. तोवर पदवीची अट काढून टाकली होती. पदवीचा उपयोग झाला तो एकाच ठिकाणी. माझ्या सेवापुस्तकात तिची नोंद घ्यायची होती. आस्थापनेत तेव्हा एक नवीन मुलगी होती, अक्षर चांगलं होतं तिचं. तिनं प्रमाणपत्राची प्रत पाहिली आणि लिहिलं: बी.ए. (बहिःस्थ).

मी म्हटलं, "ते कंसातलं लिहावंच लागतं का?"

"नियम आहे, सर."

घरी येऊन तणतणलो. पाच वर्षं घातली, उन्हात तापलो, त्या खिडकीपुढं पाठ वाकवली, आणि शेवटी कंसात बाहेरच उभं केलं. बायको शाळेच्या वह्या तपासत होती. म्हणाली, "माझ्याबी पुस्तकात लिहिलं आहे तसंच."

"तुले राग नाही आला?"

"आला ना. तिथल्या तिथं बोलून आली मी शाळेच्या बाबूले. म्हटलं, आत बसणाऱ्याच्या पुढं कंसात ‘आतून’ लिहिता का?"

"मग?"

"मग काही नाही. त्यानं चहा मागवला माझ्यासाठी. कंस तसाच आहे." तिनं पुढची वही ओढली आणि त्यातल्या एका शब्दाभोवती पेन्सिलीनं बारीक गोल केला. मी समोर बसून राहिलो. राग गेला नव्हता, पण जेवायची वेळ झाली होती, म्हणून उठलो आणि पानं घेतली.